एंगेज टोन

डाव्या कानातला तो
माझ्याआधी उठलेला असतो.
दूध यायच्या आत, नळाला पाणी यायच्या आत,
बारीक, सरळ, न तुटणारा.
भांडं कधीच लख्ख झालंय
आणि कुणीतरी तारेची घासणी फिरवतच राहिलंय.

एकतीस वर्षं मी माझगावच्या एक्स्चेंजमध्ये
ट्रंक बोर्डावर बसले, डावा कान हेडफोनला देऊन.
"साताऱ्याची पार्टी लाइनवर आहे, बोला."
लोक बोलायचे, संपलं की मी प्लग उपसायचे.
हा प्लग कुठे आहे?

कुकरची शिट्टी मला दोन ऐकू येतात.
उजव्या कानात आमची,
डाव्यात जरा वरच्या पट्टीतली, शेजारच्या दळवींची असावी तशी.
डाळ एकच शिजते.
ह्यांचा आवाज पत्र्याच्या डब्यातून येतो.
"चहा" म्हणाले, मला "सहा" ऐकू आलं,
मी घड्याळाकडे बघितलं. ते माझ्याकडे.
चमचा ओट्यावर पडला की दाढेत कळ जाते.
पण समोरच्या टॉवरचं पायलिंग,
ज्यानं अख्खं चारकोप वैतागलं,
सेक्रेटरींनी वॉर्ड ऑफिसला तीन पत्रं लिहिली,
ते मला सोसतं.
त्याच्याखाली माझा हा दबून बसतो.
काम थांबलं त्या आठवड्यात
सोसायटी गाढ झोपली.
मी स्वयंपाकघरात बसून लसूण सोलला,
महिनाभराचा.

शर्वाणी मस्कतहून फोन करते.
मी म्हणते, लाइन खराब आहे गं.
हल्ली लाइन खराब होत नाही
हे तिलाही माहीत आहे. ती म्हणते, हो ना.

डॉक्टर म्हणाले, असा आवाज मुळात नाहीच,
मेंदू करतो. सवय करून घ्या.
'सवय' मात्र अगदी स्वच्छ ऐकू आलं.

मग त्या काचेच्या खोलीत बसवलं.
भिंतींना भोकाभोकांचा पांढरा पत्रा,
दार लागलं आणि मुंबई एकदम गेली.
हॉर्न नाही, कावळा नाही, पंखासुद्धा नाही.
राहिलो आम्ही दोघं.
"आवाज आला की बटण दाबा," तुस्कानो नावाची मुलगी म्हणाली.
कुठला, ते विचारायचं राहिलं.
मी बटण दाबलं ते सोडलंच नाही.

ती आत आली. रागावली नाही.
"तुमचावाला शोधू या," म्हणाली,
आणि एकेक सूर लावत गेली.
हा? याहून बारीक.
हा? याच्या किंचित खाली.
हा? नाही, हा फार शहाणा आहे, माझा जरा खरखरतो.
आणि मग एका जागी
तिचा सूर आणि माझा असे एकमेकांत गेले
की कोण कुठला कळेना.
मी म्हटलं, हाच.

तिनं आकडा लिहिला, सहा हजार आणि वर काहीतरी.
मग काय वाटलं कोण जाणे,
माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढून
स्वतःच्या कानांना लावला.
बाहेर पेशंट ताटकळलेले,
शिपाई काचेवर बोटं वाजवत होता, बिनआवाजाची.
ती ऐकत राहिली.
मी तिचं कपाळ बघत राहिले,
ते हळूहळू आकसलं.
"रात्रभर?"
ओठांवरून कळलं.
"रात्रभर."

कितीजणांना जोडून दिलं मी.
बाळंतपणं, मयतं, कापसाचे भाव,
एकदा एक बाई तीन मिनिटं नुसती रडली
आणि बिल भरलं.
मधे ऐकत बसायचं नाही, असा नियम होता.
आमच्या लाइनवर कुणी यायचं नसतं,
ती आली.

औषध काही दिलं नाही.
घरी पंखा चारवर केला.
दारातून ह्यांनी काहीतरी विचारलं,
डब्यातल्या आवाजात, दोन अक्षरी.
मी म्हटलं, सहा.
त्यांनी आधण ठेवलं.